आल्प्समधील चार रात्री

प्रवासाची आखणी करून देण्याचे काम धर्मगुरूकडे यावे, असे सहसा घडत नाही. परंतु गेल्या उपवासकाळात आमच्या पॅरिशमधील एक वयस्क दांपत्य हाती जाड लखोटा घेऊन आमच्या दारी आले. त्यांचा मुलगा आखातातील एका मोठ्या हॉटेलात नोकरीस आहे. आईबापांच्या लग्नास चाळीस वर्षे पूर्ण होत असल्याने येत्या ऑगस्टात त्यांना स्वित्झर्लंडमधील झेरमाट येथे न्यावे, तेही उंची हॉटेलात उतरवावे, असा बेत त्याने केला होता, आणि सुट्टीवर आला असता ते सारे कागद घरी ठेवून गेला होता.

"फादर, तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात आमच्या छपराची कौले बदलून होतील," बाप म्हणाला. "तुम्हीच त्याला लिहा. तुमचे ऐकेल तो."

आईने एवढेच विचारले, "रविवारची मिस्सा तिथे मिळेल का, फादर?"

रोमला शिक्षण घेत असताना आम्ही त्या मुलखात एकदा पायी हिंडलो होतो. खिशात पैसे नव्हते, त्यामुळे झेरमाटची हॉटेले आम्ही बाहेरूनच पाहिली. पत्र लिहावयास बसलो ते बापाच्या बाजूने. दोन परिच्छेद लिहूनही झाले. मग कागद चाळताना एका कोपऱ्यात मुलाने आईसाठी लिहिलेली ओळ दिसली: 'बारा वर्षे मी परक्यांची अंथरुणे घालतो आहे, एकदा तुझे अंथरूण दुसऱ्या कोणी घातलेले मला पाहायचे आहे.' लिहिलेले पत्र आम्ही फाडून टाकले.

वाचकहो, झेरमाट हे गाव मुळात आपल्यासारख्याच शेतकरी, गुरेपाळ कॅथलिक लोकांचे. व्हॅलिस प्रांतातील एका अरुंद खोऱ्याच्या टोकाशी, 1600 मीटर उंचीवर ते वसले आहे, आणि त्याच्या डोक्यावर 4478 मीटर उंचीचे मॅटरहॉर्न शिखर उभे आहे, एकटे व किंचित मान वाकडी करून. साबण व मेणबत्त्या बनविण्याचा धंदा शिकलेले अलेक्झांडर झायलर यांनी 1850 नंतरच्या दशकात येथील लहानशी खानावळ हाती घेतली आणि पुढे हॉटेलांमागून हॉटेले उभारली. गावाला त्यांनी पोट दिले; गावकऱ्यांनी मात्र त्यांना गावकीचे हक्क देण्यास कित्येक वर्षे नकार दिला. उपरा तो उपरा, ही रीत फक्त आपल्याच गावांत आहे असे नव्हे.

14 जुलै 1865 रोजी एडवर्ड व्हिंपर व त्यांचे सहा सोबती प्रथमच मॅटरहॉर्नवर चढले. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे कड्यावरून खाली गेले. तो शुक्रवार होता. रविवारी शोधाला निघावयाचे, तर पहाटेची मिस्सा चुकविणाऱ्यास बहिष्कृत करण्यात येईल, अशी ताकीद धर्मगुरूंनी गावच्या वाटाड्यांना दिली. त्यांपैकी एकाच्या डोळ्यांत पाणी आले, असे व्हिंपर सांगतात. अखेर बाहेरगावचे वाटाडे घेऊन ते निघाले. खड्ड्यात पडलेल्या मेंढराविषयी प्रभूने शब्बाथ पाळणाऱ्यांना काय विचारले, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्या धर्मगुरूंना ते त्या दिवशी आठवले नाही, याचे आम्हांस आजही वाईट वाटते.

असो. आईच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही लिहिले: गावात संत मॉरिसचे चर्च आहे, मिस्सा जर्मन भाषेत असते, पण आपली मिस्सा कोणत्या भाषेत ओळखू येत नाही?

मुलास आम्ही पुढे असे लिहिले. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ऑगस्टात गर्दी फार, म्हणून विलंब नको. पेट्रोलच्या मोटारी झेरमाटमध्ये येऊ देत नाहीत. टेश येथे उतरून शेवटचा टप्पा आगगाडीने जावे लागते. 1898 पासून चालू असलेल्या दात्यांच्या रेल्वेने 3089 मीटरवरील गोर्नरग्राटला अवश्य न्यावे, परंतु पहिल्याच दिवशी नव्हे. त्या उंचीवर म्हाताऱ्या माणसांना धाप लागते. तेथून मोठी हिमनदी दिसते, आणि तीही वर्षानुवर्षे आखडत चालली आहे. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचे सुमारे दहा टक्के बर्फ वितळून गेले.

5 ऑगस्ट हा दिवस मात्र श्वार्त्सझेसाठी राखावा. मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी हे लहानसे सरोवर आहे. तारेवरच्या पाळण्यातून तेथे जाता येते. काठावर बर्फाच्या मातेचे चिमुकले मंदिर आहे. धुक्यात वाट चुकलेल्यांनी नवस केला आणि सुखरूप परतल्यावर ते बांधले, अशी कथा सांगतात. गोव्यात, साष्टीतील राय गावचे चर्च याच मातेचे, आणि तेथे 5 ऑगस्टलाच नव्या कणसांचा सण होतो. ही आई माहेरची साष्टीकर. जन्मात बर्फ न पाहिलेल्या गावाने बर्फाची माता कशी आपलीशी केली, याचे लहानपणी तिला नवल वाटे, असे ती आम्हांस एकदा म्हणाली होती.

शेवटी आम्ही मुलाला एक विनंती केली. त्याने झेरमाटला चार रात्री धरल्या आहेत. त्यांतील एक कमी करावी. मार्तिन्यी आणि ओर्सिएरपर्यंत आगगाडी, पुढे बस, असे करून ग्रँड सेंट बर्नार्ड घाटावर जावे. 2469 मीटर उंचीच्या त्या घाटावर संत बर्नार्ड यांनी 1050 च्या सुमारास वाटसरूंसाठी मठ उभारला. पोप अकरावे पायस यांनी 1923 मध्ये त्यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते ठरविले; हे पोप स्वतः तरुणपणी, 1889 मध्ये, मॉन्टे रोझा ओलांडून झेरमाटला उतरले होते. मठाच्या दाराला कुलूप नसते. आम्ही इटलीच्या बाजूने भिजून पोहोचलो तेव्हा कोण, कुठले हे न विचारता एका व्रतस्थाने गरम सूप पुढे ठेवले आणि झोपायची जागा दाखविली. अंथरूण जाडेभरडे होते. त्या रात्रीइतके आराम आम्हांस फार थोड्या ठिकाणी मिळाले आहेत.

आई राजी झाली आहे, आणि लोकरीचे मोजे मागवूनही झाले. बापाचे कौलांचे गणित अजून सुटलेले नाही. परवा मिस्सेनंतर त्याने आम्हांस बाजूला घेतले.

"त्या घाटावर ती मोठी कुत्री खरोखर असतात का, फादर?"

"उन्हाळ्यात असतात," आम्ही म्हणालो. "पण गळ्यात दारूचे पिंप नसते. ती चित्रकाराची करामत."

"पिंप नसले तरी चालेल," तो म्हणाला.

सोमवारी पासपोर्टच्या कामासाठी दोघे बेळगावला जाणार आहेत.