ड्राइव्ह झीरो, लेव्हल फुल्ल!

गिटारचा आवाज कितीही वाढवला तरी रिफ काही कळेना. उपाय निघाला एका छोट्याशा हिरव्या डबीत. आणि गंमत म्हणजे, त्याच डबीने गंगापूरच्या घरातलं एक जुनं भांडणही सोडवलं...

‘आवाज येतोय रे, पण रिफ येत नाहीये!’

आमचा ड्रमर हे म्हणाला आणि माझा मूडच गेला. आदल्याच आठवड्यात मी आयुष्यातला पहिला ट्यूब अ‍ॅम्प घेतला होता. सेकंडहँड, २० वॅटचा हाय गेन हेड आणि सोबत १२ इंची स्पीकरचं कॅबिनेट. अख्खा बोनस त्यात घातलेला. मी म्हणजे सोमवार ते शुक्रवार आयटीत कोड लिहिणारा आणि शनिवारी दोन तास जॅम रूम भाड्याने घेऊन मेटल वाजवणारा माणूस. अशा माणसाला पहिला ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे काय वाटतं, हे ज्यांनी पहिली बुलेट घेतलीय त्यांना सांगायला नको!

त्यात मी मूळचा गंगापूरचा. संभाजीनगरला कॉलेजात असताना, २०११च्या ऑक्टोबरमध्ये मेटालिका बंगळुरूला येऊन वाजवून गेली. खिशात तिकिटाचे पैसे नव्हते. होस्टेलवर मित्राच्या कॉम्प्युटरवर अडखळत चालणारे व्हिडिओ बघताना ठरवलं होतं, एक दिवस असा आवाज आपल्याही बोटांतून काढायचा. चौदा-एक वर्षांनी अ‍ॅम्प घरात आला आणि आवाज काय निघाला? नुसता चिखल!

आता मेटल न ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तळहाताची कड तारांवर टेकवून जाड तारेवर भराभर ठोके मारायचे, हा या संगीताचा प्राण. प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला हवा. माझे ठोके एकमेकांत मिसळून नुसती घरघर होत होती. मी काय केलं? जे कुणीही करेल तेच. गेन वाढवला. घरघर वाढली. व्हॉल्यूम वाढवला. शेजारच्या रूममधून दार वाजलं. बेसचा नॉब खाली आणला, तर आवाज पातळ झाला, पण घरघर तशीच!

शेवटी बँडमधल्या दुसऱ्या गिटारिस्टने त्याच्या बॅगेतून एक हिरवा पेडल काढला. ट्यूब स्क्रीमर. गिटारवाल्यांच्या दुनियेत ही डबी म्हणजे आपल्याकडचा प्रेशर कुकर, कुठल्याही घरात सापडणार. जपानमध्ये सुसुमु तामुरा यांनी तिचं सर्किट बनवलं, १९७९ मध्ये आयबानेझने ती टीएस८०८ या नावाने बाजारात आणली आणि १९८२ मध्ये तिची पुढची बहीण टीएस९ आली. मूळ हेतू साधा होता. ज्याच्याकडे तापलेला ट्यूब अ‍ॅम्प नाही, त्याला तसा आवाज मिळावा.

मी म्हटलं, ‘अरे, माझ्या अ‍ॅम्पमध्ये डिस्टॉर्शन आधीच जास्त आहे. त्यात हा ओव्हरड्राइव्ह कशाला? मिसळीवर अजून तर्री?’

तो हसला. त्याने पेडलवरचा ड्राइव्हचा नॉब पार झीरोवर नेला. टोन मधोमध. लेव्हल फुल्ल. मग माझ्या अ‍ॅम्पचा गेन चक्क कमी केला आणि म्हणाला, ‘वाजव.’

बॉस, काय सांगू! तोच अ‍ॅम्प, तीच गिटार, तीच माझी आळशी बोटं. पण प्रत्येक ठोका दारावर टकटक केल्यासारखा सुटा, टणक. ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, ‘आता आला रिफ.’

त्या रात्री मला झोप आली नाही. इंजिनिअर माणूस, असं का झालं ते कळल्याशिवाय चैन कशी पडणार? फंडा असा आहे. गिटारचा सिग्नल अ‍ॅम्पमध्ये शिरला की छोट्या छोट्या ट्यूबच्या एकामागून एक टप्प्यांतून जातो. प्रत्येक टप्पा त्याला फुगवतो आणि मावेनासा झाला की त्याची टोकं कापतो. हे टोक कापणं म्हणजेच डिस्टॉर्शन. आता गिटारची सगळ्यात जाड तार वाजते ८२ हर्ट्झला. हे खालचे सूर अंगाने दांडगे. लोकलच्या दारात उभ्या राहिलेल्या पैलवानासारखे! सगळी जागा तेच अडवतात, आणि ज्या वरच्या सुरांमुळे बोटांचा ठोका कळतो, ते चेंगरून जातात.

मग बेसचा नॉब कमी करून का भागलं नाही? कारण बहुतेक हाय गेन अ‍ॅम्पमध्ये तो नॉब या टप्प्यांच्या नंतर येतो. म्हणजे चिखल आधी होतो आणि मग आपण पाणी कमी करायला धावतो. आता काय उपयोग? नळ आधीच बंद करायला हवा होता. ट्यूब स्क्रीमर नेमकं तेच करतो. साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं तो फारसं वाढवत नाही, फार वरचं थोडं छाटतो आणि मधला पट्टा पुढे ढकलतो. असा निवडून आलेला सिग्नल लेव्हल फुल्ल असल्यामुळे जोरात पहिल्या ट्यूबवर आदळतो. ड्राइव्ह झीरो असल्यामुळे पेडलचं स्वतःचं डिस्टॉर्शन कमीत कमी. म्हणजे लोकांना वाटतं ही डबी आवाज वाढवते. खरं तर ती आधी नको ते काढून टाकते आणि मग उरलेलं जोरात म्हणते.

एवढं कळलं आणि मी खूश होऊन पुढच्या आठवड्यात स्वतःचा पेडल घेऊन टाकला. गोष्ट इथेच संपायची. पण दिवाळी आली.

पुण्याहून गाडी काढली, अहिल्यानगर, नेवासा फाटा आणि प्रवरासंगमला गोदावरीचा पूल ओलांडला की मला घरचा वास यायला लागतो. या वेळी डिकीत अ‍ॅम्प होता. जानेवारीत आमचा पहिला शो, सुट्टीत प्रॅक्टिस बुडवून चालणार नव्हतं. आणि थोडं टेन्शनही होतं, कारण अण्णांशी माझं धड बोलणं नव्हतं.

झालं होतं असं. गणपतीच्या वेळी मी बसने गेलो होतो. निघताना अण्णांना फोनवर सांगितलं, ‘पहाटे सहाला फाट्यावर उतरतो, घ्यायला या.’ सहाला उतरलो, तर कुणी नाही. फोन केला, उचलला नाही. आई मामाकडे गेलेली. दीड तास वाट बघून शेवटी जीपने घरी आलो, तर अण्णा ओट्यावर निवांत चहा पीत बसलेले. म्हणाले, ‘दहाला येणार होतास ना?’ माझं डोकंच सटकलं. तुम्हाला सांगितलेलं कधी लक्षातच राहत नाही, असं काहीबाही मी मोठ्याने बोललो. अण्णा एवढंच म्हणाले, ‘ओरडतो कशाला?’ आणि कप उचलून आत गेले.

अण्णांनी वाळूजच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये २६ वर्षं काढली. आमच्या तालुक्यातली कितीतरी घरं वाळूज एमआयडीसीच्या शिफ्टवर उभी राहिलीत, त्यातलंच आमचं एक. पत्र्यावर प्रेसचा ठोका पडतो तेव्हा काय आवाज होतो, ते मी लहानपणी एकदाच ऐकलंय. अण्णांनी तो रोज आठ तास ऐकला. कानात घालायला म्हणून खिशात कापसाचा बोळा असायचा, तो बहुतेक खिशातच राहायचा.

गणपतीनंतर आईने त्यांना संभाजीनगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्या आलेखाकडे बघताच मी चपापलो, कारण अशा रेषा मी रोज गिटारच्या नादात बघत होतो! खालच्या फ्रिक्वेन्सी जवळजवळ ठीक. २००० हर्ट्झनंतर रेषा घसरत जाते आणि ४००० ला सरळ खड्डा. यंत्रांच्या गोंगाटाने गेलेला कान असाच दिसतो म्हणे. स, श, थ, फ असल्या अक्षरांचा जीव त्या वरच्या पट्ट्यात असतो. स्वर मात्र खालच्या पट्ट्यात. म्हणजे ‘सहा’मधला ‘अहा’ अण्णांना ऐकू आला होता. ‘स’ वाटेत गळून पडला. त्यात फोन! ‘सहा’ काय आणि ‘दहा’ काय!

आणि मी ओरडलो तेव्हा? ओरडताना आपले स्वरच जास्त वाढतात, व्यंजनं तेवढी वाढत नाहीत. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र टोचतो. म्हणजे मी बापाशी तेच करत होतो, जे अ‍ॅम्पशी केलं होतं. कळत नाही ना? मग गेन वाढव!

डॉक्टरांनी कानातलं मशीन सांगितलं होतं. अण्णा साफ नाही म्हणाले. ‘बहिरा हाय का मी? आवाज येतो मला. शब्द कळंना, एवढंच.’

हे वाक्य आईने मला दिवाळीच्या दिवशी स्वयंपाकघरात सांगितलं आणि माझ्या हातातली करंजी हातातच राहिली. आवाज येतो, शब्द येत नाहीत. आवाज येतो, रिफ येत नाही.

दुपारी फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून मी अ‍ॅम्पला लावला (आमच्याकडच्या व्होल्टेजवर माझा विश्वास नाही) आणि वाजवायला बसलो. पाचव्या मिनिटाला अण्णा दारात. मला वाटलं, आता बोलणार. पण ते आत आले, खुर्ची ओढली आणि कॅबिनेटवर तळहात ठेवून बसले. कारखान्यात प्रेस कुठे अडतेय ते नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तो.

‘हे हिरवं काय हाय?’

मी पेडल बंद करून वाजवलं. मग चालू करून वाजवलं. पुन्हा बंद. पुन्हा चालू.

‘आधी नुसतं गदगदायलं होतं,’ ते म्हणाले, ‘आता ठोका कळायलाय. आवाज वाढवला का?’

मी गिटार खाली ठेवली. त्यांच्या समोर बसलो, तोंडाकडे बघून, न ओरडता, सावकाश सांगितलं, ‘वाढवला नाही, अण्णा. जे नको ते आधी काढलं. जे पाहिजे तेवढंच पुढं केलं.’

अण्णा बराच वेळ त्या डबीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मंग ते कानातलं मशीन बी असंच असतं का?’

तसंच असतं. फ्रिक्वेन्सी वेगळी, फंडा तोच. ज्याचा जो पट्टा गेलाय तेवढाच ते उचलून देतं आणि मोठा आवाज आला की स्वतःच दाबतं. हे सगळं मी सांगितलं. डॉक्टरांनीही हेच सांगितलं असणार. पण अण्णा त्यांच्यासमोर प्रत्येक वाक्याला ‘हो, हो’ म्हणत होते. न कळलेलं बोलणं संपवायचा तो त्यांचा जुना उपाय. किती वर्षं ते माझ्याशीही असंच ‘हो, हो’ करत असतील, देव जाणे.

पाडवा झाल्यावर मशीनचं ट्रायल घेतलं. लगेच सगळं सही झालं, असं समजू नका हं! पहिल्या आठवड्यात त्यांना कुकरची शिट्टी, स्टीलच्या वाट्या, प्लास्टिकची पिशवी, सगळ्याचा त्रास. आईला दिवसातून दहादा ऐकावं लागायचं, ‘वाटी हळू ठेव.’ आजही मशीन अर्धा दिवस डबीत असतं. पण रविवारी माझा फोन यायच्या आधी ते कानात जातं. आणि मीही आता टीव्ही चालू असताना बोलत नाही, दुसऱ्या खोलीतून हाका मारत नाही. वेळ सांगायची असेल तर म्हणतो, ‘पाचनंतरचे सहा.’

तुम्हीही घरी हाय गेन अ‍ॅम्प बाळगत असाल तर हे सेटिंग जरूर ट्राय करा. ड्राइव्ह झीरो, टोन बारा वाजता, लेव्हल पाऊणपासून वर नेत जा आणि अ‍ॅम्पचा गेन मात्र कमी करा. मी आधी उलट केलं होतं, दोन्हीकडे फुल्ल. नुसती किंकाळी ऐकू आली. आणि हो, लेव्हल वाढली की ‘सुस्स’ असा आवाजही वाढतो, तेवढा चालवून घ्यायचा.

आणखी एक. निघताना अण्णा गाडीपाशी आले आणि म्हणाले, ‘तू बी कानात काहीतरी घालत जा.’ मी ‘हो, हो’ म्हटलं आणि जीभ चावली. पुण्यात येऊन हिशोब बघितला. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं! आमची जॅम दोन तासांची, आणि नंतर रात्रभर कानात जी शिट्टी वाजायची, तिला मी इतकी वर्षं ‘मजा आली’ म्हणत होतो.

वाजवणाऱ्यांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते घेतले. परवा जॅमला ड्रमर काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, ‘काय?’ तो पुन्हा म्हणाला, या वेळी जीव खाऊन. आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं...

‘ओरडतो कशाला?’