धरणाचं पाणी, कालव्याचं पाणी



कांद्याचं रोप वाफ्यातच बसलं. पातीचे शेंडे जळाले, मुळी आखूड. करपा समजून दोन फवारण्या केल्या, उपयोग शून्य. मग पाणी तपासलं. ईसी 1.9! कांद्याला 1 च्या आतलं पाणी मानवतं.

आमचं रान दौंड तालुक्यात यवतच्या अंगाला, जुन्या मुठा कालव्यावर. यालाच बेबी कालवा म्हणतात. मुठेवरचं खडकवासला धरण 1879 चं. पुण्याला प्यायला आणि खालच्या शेतीला, दोन्हीसाठी बांधलेलं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यात हेही फुटलं, पुन्हा उभं केलं. पण खडकवासल्यात मावतं जेमतेम 2 टीएमसी. खरा साठा वर पानशेत, वरसगाव, टेमघरला. शहर वाढलं तसा पिण्याचा वाटा वाढला. आता मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून या कालव्यात सोडतात. म्हणजे धरणाचं पाणी आधी पुण्याच्या नळाला, मग आपल्या वाफ्याला.

वडील म्हणायचे, कालवा आला की घोर मिटला. मी आता कालवा आला की आधी बाटली भरून तपासायला देतो.

नवीन रोप बोअरच्या पाण्यावर टाकलंय, त्याची ईसी 0.7. निम्म्या रानात कांद्याऐवजी गहू करतोय, तो क्षार बराच सोसतो. पाळी मिळाली म्हणून खूश होऊ नका, पाणी कसलं आलंय तेही बघा. तुमच्याकडं ईसी किती येते? खाली लिहा.