आधी मेर बघावी

भातातले कोळी मोजायला गेलेला माणूस सहसा थेट चिखलात उतरतो. मी आधी मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसतो. कुणगा, म्हणजे भाताचे खाचर, गोव्यातल्या पेडण्यातला असो की डिचोलीतला, आत काय सापडणार याचा अंदाज तिथेच येतो.

नांगरणी, चिखलणी, कापणी. दर हंगामात कुणग्यातला संसार तीनदा मोडतो. त्या दिवसांत कोळ्यांना आसरा मेरेवरच्या गवताचा, खेकड्यांच्या बिळांचा, नाहीतर कडेला पडलेल्या पेंढ्याचा. तिथूनच लांडगा कोळी पाण्यावरून धावत पुन्हा आत शिरतो. बारकी पिल्ले धागा सोडून वाऱ्यावर येतात. तणनाशक मारून मेर पिवळी केली असेल, तर लावणीनंतर चूड न् चूड चाळूनही हाती फारसे लागत नाही. तिळारीच्या कालव्याचे पाणी घेऊन वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचा भात, करणाऱ्यांकडे कुणगा सुका राहण्याचा काळ तरी कमी असतो.

लावणीनंतर लगेच, तुडतुडे यायच्या आधी, कोळी खातात काय? शेणखत आणि कुजका पाला असलेल्या पाण्यातून निघणारी चिलटे. जावा बेटावरच्या अभ्यासकांनी 1996 मध्ये हेच दाखवले. त्याआधी 1986 मध्ये इंडोनेशियाने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली होती. कारण तपकिरी तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात. फवारणीत मरतात ते कोळी, आणि अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना मग रान मोकळे.

लांब जबड्यांचा कोळी दिवसा पुढचे पाय ताणून पानाला असा चिकटतो, की वाळकी काडीच वाटावी. त्याची जाळी बघायला पहाटेचे दव हवे. लांडगा कोळ्यासाठी मात्र रात्री जावे आणि बॅटरी कपाळाला बांधावी. उजेड आपल्या नजरेच्या रेषेत असला तरच त्याचे डोळे चमकतात. मादी पिल्ले घेऊन निघाली असेल, तर तिची पाठही बारीक लुकलुकते. अशा वेळी आकडा लिहायचा राहून जातो.

शेतकऱ्यांना मी मेरेची एक बाजू तरी राखायला सांगतो. गवतात उंदीर बिळे करतात, मेर फुटते, पाणी जाते, असे ते म्हणतात, आणि ते खरेच आहे. मग फवारू नका, विळ्याने कापा, तेही एका वेळी एकच बाजू, एवढ्यावर मी येतो. त्यावर ते मजुरीचा दर विचारतात.