मेस्ता : अश्रूंसाठी बांधलेले गाव

१/
काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात ‘रूमी मस्तकी’ मागितली, तर दुकानदार लहानशा बरणीतून फिकट पिवळे, काचेसारखे खडे काढून तोलून देतो. या नावाचा आपल्या ‘मस्तका’शी काही संबंध नाही. ‘रूम’ म्हणजे बायझंटाइन साम्राज्याचा मुलूख आणि ‘मस्तकी’ हे एका ग्रीक शब्दाचे अरबी-फारसी वाटेने आलेले रूप. हे खडे जिथून येतात, त्या एका गावाची ही कथा. (थ्रेड)

२/
एजियन समुद्रात, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी खेटून खिओस नावाचे ग्रीक बेट आहे. त्याच्या दक्षिण भागातील चोवीस गावे ‘मस्तकीची गावे’ म्हणून ओळखली जातात. त्यांपैकी नैर्ऋत्येकडील एक म्हणजे मेस्ता. वस्ती जेमतेम काहीशे माणसांची. पण सहा शतकांचा इतिहास त्याच्या दगडी भिंतींत जसाच्या तसा उभा आहे.

३/
मस्तकीचे झाड पिस्त्याच्या कुळातले. उंची माणसाहून थोडी अधिक, खोड वाकडेतिकडे. याच्या जातीची झुडपे भूमध्य समुद्राच्या काठी सर्वत्र आढळतात. परंतु व्यापाराजोगा डिंक ती केवळ दक्षिण खिओसमध्येच देतात. एका झाडापासून वर्षाला सरासरी दीड-दोनशे ग्रॅम. एवढ्याशा डिंकासाठी आरमारे निघाली आणि फासावरही माणसे चढली.

४/
पीक घेण्याची रीत फार जुनी आहे. उन्हाळ्याच्या आरंभी झाडाखालची जमीन झाडून, चोपून सपाट करतात आणि तिच्यावर पांढऱ्या मातीची भुकटी पसरतात. मग अणकुचीदार हत्याराने सालीला बारीक छेद देतात. डिंक थेंबाथेंबाने पाझरतो आणि दोन-तीन आठवड्यांत घट्ट होतो. मध्येच पाऊस आला, तर श्रम वाया. गोळा केलेले खडे चाळून, धुऊन, हिवाळाभर घराघरांतल्या स्त्रिया एकत्र बसून लहान सुरीने एकेक खडा स्वच्छ करतात.

५/
लोक या थेंबांना ‘खिओसचे अश्रू’ म्हणतात. लोककथा अशी की, इ.स. २५१ मध्ये रोमन आरमारातील इसिडोर नावाच्या सैनिकाचा ख्रिस्ती श्रद्धेपायी या बेटावर छळ करून वध झाला. त्याच्या वेदना पाहून झाडे रडू लागली, ती आजतागायत रडत आहेत. कथेला पुरावा नसतो. पण ज्या गावांनी ती जपली, त्यांच्या वाट्याला काय आले हे पाहिले की तिचा अर्थ कळू लागतो.

६/
१३४६ मध्ये इटलीतील जिनोव्हाच्या आरमाराने बेट जिंकले. मोहिमेचा खर्च जहाजमालकांनी केला होता. परतफेड करण्याइतका पैसा जिनोव्हाच्या खजिन्यात नव्हता. तेव्हा बेटाचा महसूल आणि मस्तकीचा मक्ता या मालकांच्या मंडळीकडे सोपवण्यात आला. तिचे नाव ‘माओना’. व्यापाऱ्यांच्या कंपनीने मुलुखावर राज्य करण्याचा हा प्रयोग लंडनमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या स्थापनेआधी अडीचशे वर्षे झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

७/
मेस्ताला आजचे रूप आले ते याच जिनोव्हाच्या अमदानीत. गावाला निराळा तट नाही. सर्वांत बाहेरच्या घरांच्या पाठभिंती हाच तट. त्यांना बाहेरच्या बाजूस ना दार, ना खिडकी. कोपऱ्यांवर बुरूज. आत अरुंद, कमानींनी झाकलेल्या, मध्येच खुंटणाऱ्या गल्ल्या. परका माणूस हमखास वाट चुकावा अशा. घरांची छपरे सारख्या उंचीची, एकमेकांना जोडलेली. चाचे आत शिरलेच, तर छपरांवरून धावत मधल्या मनोऱ्यात आसरा घ्यावा, अशी योजना.

८/
पण या तटाला दुसरी बाजूही होती. ज्या वेशीने चाच्यांना अडवले, तीच गावकऱ्यांनाही अडवत होती. मस्तकी पिकवणाऱ्याने ती स्वतः विकणे हा गुन्हा होता. चोरीचे वजन जितके जास्त, तितकी शिक्षा कठोर. फटक्यांपासून अवयव कापण्यापर्यंत आणि अखेरीस फाशी. ज्यांनी झाड वाढवले, त्यांनाच मूठभर डिंक घरात ठेवण्याची भीती वाटे. तट नेमका कोणाच्या रक्षणासाठी होता, हा प्रश्न इथे प्रथम उभा राहतो.

९/
१५६६ मध्ये ऑटोमन तुर्कांनी बेट घेतले. तुर्की भाषेत बेटाचे नावच ‘साकिझ अदासी’, म्हणजे डिंकाचे बेट. राजवट बदलली, मक्ता राहिला. मात्र सुलतानाच्या अंतःपुरात मस्तकीला मोठी मागणी होती. त्यामुळे या गावांचा कारभार निराळा ठेवण्यात आला. कर मस्तकीच्या रूपात घेतला जाई. त्या बदल्यात काही करांतून सूट मिळाली, आणि चर्चच्या घंटा वाजवण्याची मुभाही.

१०/
या सवलतींची खरी परीक्षा १८२२ मध्ये झाली. ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध सुरू होते. शेजारच्या सामोस बेटावरचे बंडखोर खिओसवर उतरले आणि एप्रिलमध्ये ऑटोमन आरमार सूड घ्यायला आले. लाखभर वस्तीच्या बेटावर हजारोंच्या संख्येने कत्तल झाली. स्त्रिया आणि मुले गुलामांच्या बाजारात विकली गेली. दक्षिणेतील मस्तकीची गावे मात्र आरंभी वगळण्यात आली. कारण एकच : ही माणसे मेली, तर झाडांना छेद देणार कोण?

११/
जूनमध्ये ग्रीक खलाशी कानारिस याने पेटते जहाज भिडवून ऑटोमन नौदलप्रमुखाची नौका जाळली. नौदलप्रमुख कारा अली मारला गेला. त्या संतापाची झळ मस्तकीच्या गावांपर्यंतही पोहोचली. शतकानुशतके ‘उपयुक्त’ ठरलेल्या माणसांना त्या उन्हाळ्यात कळून चुकले की, अभय डिंकाला होते, त्यांना नव्हते.

१२/
फ्रेंच चित्रकार देलाक्रुआ याने या हत्याकांडावर काढलेले भव्य चित्र १८२४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. आज ते लूव्र संग्रहालयात आहे. युरोपचे लोकमत ग्रीकांच्या बाजूने वळण्यात या कत्तलीच्या वार्तांचा मोठा वाटा होता. तरीही खिओस ग्रीसमध्ये सामील होण्यास १९१२ साल उजाडावे लागले.

१३/
मेस्ताने आपल्या इतिहासाला दिलेले उत्तर गावाच्या मध्यभागी उभे आहे. जिथे राज्यकर्त्यांचा मनोरा होता, तिथे एकोणिसाव्या शतकात तो पाडून भव्य चर्च बांधले गेले, बेटावरील मोठ्या चर्चांपैकी एक. एके काळी जिथून गावावर नजर ठेवली जाई, तिथून आता घंटानाद होतो.

१४/
दुसरे उत्तर हास्याचे आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या सोमवारी मेस्तात ‘आगा’ची कचेरी भरते. गावातलाच एक जण ऑटोमन अधिकाऱ्याचा वेश करून चौकात बसतो. त्याचे शिपाई जमलेल्यांतून कोणालाही धरून आणतात. भलत्याच क्षुल्लक आरोपांवरून खटला चालतो आणि दंड वसूल होतो. सारे पोट धरून हसतात. पैसा गावाच्या कामी येतो. ज्या दरबारापुढे पूर्वजांचे पाय थरथरले, त्याचेच वंशजांनी प्रहसन केले. स्मृती जपण्याची हीही एक रीत आहे.

१५/
तिसरे उत्तर १९३८ चे. त्या वर्षी मस्तकी उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला आणि पिकाची विक्री अखेर पिकवणाऱ्यांच्या हाती आली. साखर कारखाने आणि दूधसंघ पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला या घटनेचे मोल निराळे सांगायला नको. १९९७ मध्ये युरोपीय संघाने या डिंकाच्या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याच्या लागवडीच्या पारंपरिक ज्ञानाला अमूर्त वारशाचा मान दिला.

१६/
संकटे मात्र संपलेली नाहीत. २०१२ च्या वणव्यात दक्षिण खिओसमधील मस्तकीच्या बागा मोठ्या प्रमाणात जळाल्या. नवे झाड डिंक देऊ लागायला पाच-सहा वर्षे लागतात. एवढी वर्षे थांबायला गावात तरुण हात उरले पाहिजेत, आणि खेड्यांतून शहरांकडे जाणारी वाट इथेही आहेच.

१७/
किल्ले पाहताना आपण बहुधा विचारतो : हा कोणी बांधला, कोणी जिंकला? मेस्ता आणखी एक प्रश्न विचारायला शिकवते : या भिंतींच्या आत राहणाऱ्यांना बाहेर जाण्याची मोकळीक होती का? रूमी मस्तकीचा एखादा खडा कधी हाती आला, तर तो चघळण्यापूर्वी क्षणभर उजेडात धरून पाहावा. झाडाच्या जखमेतून आलेला तो थेंब आहे. आणि त्यासाठी कोंडलेल्या माणसांनी शेवटी वेशीची किल्ली आपल्या हाती घेतली, याची ती खूणही आहे.

(समाप्त)