हरळीची धावपट्टी

मलिहाबादजवळच्या त्या शेतात पोचल्यावर मी आधी चपला काढल्या. मित्र हसला. वडिलोपार्जित जमिनीवर त्याला छोट्या विमानासाठी गवती धावपट्टी करायची होती. माझे वडील पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंच चालवायचे, म्हणून त्यानं मला लखनौहून सोबत नेलं होतं. विंचच्या तारेनं ग्लायडर वर खेचण्याआधी वडील रोज सकाळी मैदान अनवाणी पालथं घालत. उंदराचं बीळ डोळ्यांआधी तळव्यांना कळतं, असं म्हणत.

शेतात दूब होती, म्हणजे आपली हरळी. शेतकरी तिला शिव्या देतो, गणपतीला तीच दूर्वा म्हणून वाहतो, आणि विमानाच्या चाकांनाही तीच हवी: कापली की आडवी पसरते, माती धरून ठेवते. वारं इथे उन्हाळ्यात पछुआ, पावसाळ्यात पुरवाई. जमीनही पूर्व-पश्चिम लांब, मोजून ६०० मीटर. नीलगायींसाठी कुंपण घालता आलं असतं. मित्र खुशीत होता. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके अलाहाबादच्या मैदानावरून सुमारे ६,५०० पत्रं घेऊन यमुनेपलीकडे नैनीला उडाला होता. "त्याच्याकडे तरी काय होतं? मैदानच ना?" तो म्हणाला.

पश्चिमेच्या टोकाला शेजारच्या चाचांची दशहरीची बाग होती. पट्टी संपल्यावर दर २० मीटरला एक मीटर, अशी चढती हवा मोकळी लागते. झाडं १० मीटर उंच, म्हणजे ती २०० मीटर लांब हवीत. बाग ४० पावलांवर सुरू होत होती. पट्टी तेवढी आखूड केली, तर पावसात ओल्या गवतावर ब्रेक लागणार नाहीत.

"कितने पेड़ कटेंगे?" चाचांनी विचारलं. मित्र माझ्याकडे बघू लागला. त्यानं स्वतःची जमीन मोजली होती. चाचांच्या झाडांवरची हवा मोजली नव्हती.

"इथे पट्टी होणार नाही," मी म्हणालो.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. नंतर त्याचे फोनही कमी झाले. जूनमध्ये चाचांनी दशहरीची पेटी पाठवली. अर्धे आंबे घेऊन मी मित्राकडे गेलो. त्यानं एक चोखून संपवला, हात धुतले आणि विचारलं, "हरळी पावसाआधी कापायची की नंतर?"