कुटार टाकलं तेव्हा चांगला होता

लकव्याच्या रुग्णाबरोबर आलेल्या माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, ते पाठ्यपुस्तक एका ओळीत उरकतं: रुग्णाला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? वऱ्हाडातल्या कॅज्युअल्टीत या प्रश्नाचं खरं उत्तर काढता येणं, हेच मेडिसिनच्या रेसिडेंटचं अर्धं शिक्षण.

“बुढा सकायी उठला तं तोंड वाकडं,” मुलगा सांगतो. नवखा रेसिडेंट केसपेपरवर ‘सकाळी सहा’ लिहितो आणि वरिष्ठ ते खोडतात. सहाला लक्षात आलं; घडलं कधी? पुरावा नसेल तर वेळ मोजायची ती रात्री झोपला तेव्हापासून, म्हणजे औषधाची मुदत केव्हाच टळलेली. मग उकरणं सुरू होतं. भाऊ, रात्री लघवीला उठले होते का? आपल्या पायांनी गेले? नळ आले तेव्हा पाणी कोणी भरलं? मोबाइलवरून शेवटचा फोन कितीला केला, बोलणं स्पष्ट होतं? मुलाला काहीच ठाऊक नसतं. दाराशी उभी असलेली सून मात्र सांगते, “चार वाजता म्हशीले कुटार टाकलं ना त्यायनं.” त्या एका वाक्याने सहा तासांचे दोन तास होतात.

एवढी उठाठेव का, याचं उत्तर आकड्यांत आहे. १९९५ साली अमेरिकेत ६२४ रुग्णांवर झालेल्या एनआयएनडीएस चाचणीत गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज तीन तासांत दिल्यास फायदा दिसला. २००८ मध्ये युरोपीय अभ्यासाने ही मुदत साडेचार तासांवर नेली. मोठी रक्तवाहिनी बंद पडली असेल तर मांडीच्या धमनीतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. पण १९९५ च्या त्याच चाचणीत अल्टेप्लेज घेतलेल्या शंभरातल्या सहा जणांची प्रकृती मेंदूतल्या रक्तस्रावाने बिघडली होती. औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं. म्हणून अंदाजपंचे वेळ लिहून चालत नाही.

दुसरा धडा सीटी स्कॅनचा. ‘स्कॅन नॉर्मल’ ऐकून नातेवाईक निश्चिंत होतात. पण गुठळीच्या झटक्यात पहिल्या काही तासांत स्कॅन बहुधा स्वच्छच दिसतो. हात लुळा आणि स्कॅन नॉर्मल, म्हणजे रक्तस्राव नाही. आता घाई करा. त्याआधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघायची, कारण साखर खूप उतरली तरी हुबेहूब लकवाच दिसतो.

न्यूरॉलॉजीचं डीएम हे एमडीनंतरचं तीन वर्षांचं शिक्षण. पण अमरावतीचं १९८४ पासूनचं डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय असो की २००२ साली सुरू झालेलं अकोल्याचं शासकीय महाविद्यालय, रात्री दोनला रुग्णासमोर आधी उभा राहतो तो मेडिसिनचा पोरसवदा रेसिडेंटच. वऱ्हाडातल्या स्ट्रोकचं भवितव्य महागड्या यंत्राइतकंच त्याच्या चौकशीवर ठरतं, असं ही कामं केलेल्या कुणालाही वाटेल.

अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. रस्ता झकास झाला, पण वेळ वाया जातो तो रस्त्याला लागण्याआधी. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून कबुतराचं रक्त चोळण्यात, गावातच सलाइन लावून ‘उतरते का’ बघण्यात. मेळघाटातल्या धारणीहून निघालेल्याला तर घाट उतरून अमरावती गाठेपर्यंतच मुदतीचा मोठा भाग संपतो.

तेव्हा घरात कुणाचं तोंड एकदम वाकडं झालं, हात खाली पडू लागला किंवा बोलणं अडखळलं, तर पाणी पाजू नका, ॲस्पिरिन देऊ नका. १०८ ला फोन करा, सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. आणि शेवटचं चांगलं पाहणारं माणूस गाडीत सोबत घ्या. मग ती गोठ्यातली सून का असेना.