अधिक महिना कोणाचा?

गेल्या आठवड्यात आमच्या पालम गावातील एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यास आले. निवृत्त मास्तराकडे अशी कामे येतच असतात. पीकविम्याचे, फेरफाराचे, रेशनचे अर्ज मी नित्य लिहितो. परंतु हा अर्ज पोटच्या मुलाविरुद्ध होता. 2007 च्या कायद्याप्रमाणे उपेक्षित आईबापांस उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते, दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मागता येते, असे त्यांच्या कानी आले होते. मी कागद पुढे ओढला, ‘महोदय’ एवढे लिहिले, आणि माझा हात थांबला. का थांबला, हे सांगावयाचे तर जी गोष्ट सांगण्याचे मी आजवर टाळले ती सांगितली पाहिजे.

माझे तीर्थरूप पंचक्रोशीतील भिक्षुक. थोरले बंधू गंगाखेडास, मी पालमास, धाकटा नांदेडास. मातोश्री निवर्तल्यावर आम्ही तिघांनी वडिलांचे वर्ष वाटून घेतले. चैत्र ते आषाढ थोरल्याकडे, श्रावण ते कार्तिक माझ्याकडे, मार्गशीर्ष ते फाल्गुन धाकट्याकडे. तात्या म्हणत, “इतरांस वर्षातून एक चातुर्मास, मला तीन!” आम्हीही हसत असू. त्यांची वळकटी व पूजेची पेटी माझ्या घरी कधी पुरती उघडली गेली नाही, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानी आले नाही.

2004 साली अधिक श्रावण आला. बंधूंनी कळविले, आषाढी अमावास्येस माझी पाळी संपली. मी उलट कळविले, माझी पाळी निज श्रावणापासून. एवढ्यावर थांबलो असतो तर तो सामान्य भावांचा सामान्य तंटा ठरला असता. पण मी पडलो संस्कृतज्ञ! मी धर्मसिंधु काढला आणि मलमासात कोणत्या कृत्यांचा आरंभ वर्ज्य आहे, त्याची यादी उतरवून बंधूंस चार पानी पत्र धाडले. त्याच वेळी आमच्या घरी जावयाच्या वाणासाठी 33 अनारशांचे पीठ भिजत होते.

अधिक मासाच्या तिसऱ्या दिवशी, भर पावसात, तात्या एकटेच एस. टी. तून उतरून घरी आले. खांद्यावर वळकटी, हाती माझे पत्र. ओटीवर बसून शांतपणे म्हणाले, “अरे, मलमासात काम्य कर्माचा आरंभ करू नये, नित्य कर्म सुटत नाही. म्हाताऱ्याचे दोन वेळचे जेवण कशात धरतोस, शास्त्रीबुवा?”

मी काही उत्तर दिले नाही. सौ. ने ताट वाढले. तो महिना तात्या आमच्याकडेच राहिले, परंतु अनारशास त्यांनी हात लावला नाही. “ते जावयाचे आहेत,” एवढेच बोलले. 2006 च्या माघात, धाकट्याच्या पाळीत, ते गेले. शेवटपर्यंत त्यांनी कोणाची पाळी चुकविली नाही.

रघुवंशाचा आठवा सर्ग मी कितीदा तरी वाचला आहे. रघु राज्य अजाच्या हाती देऊन वनात निघतो. अज डोळ्यांत पाणी आणून विनवितो. तेव्हा रघु नगराबाहेर राहतो खरा, पण साप कात पुन्हा धारण करीत नाही तसा सोडलेल्या वैभवास पुन्हा शिवत नाही. येथे विनवणी मुलाची आहे आणि सोडणे बापाचे. आमच्या घराघरांत मुलगा विनवीत नाही आणि बाप किल्ल्यांचा जुडगा सोडीत नाही. मुलाकडे गेलेली ती राजलक्ष्मी रघूची सेवा सुनेप्रमाणे करीत होती, असेही कवी म्हणतो. यावर आमच्या घरी आक्षेप येतो की, त्याने सुनेला विचारले होते का? आक्षेप रास्त आहे. माझ्या पाळीत मी शाळेत जाई. पथ्य, औषध, रात्रीची उठबस हे सारे सौ. च्या अंगावर पडे. पाळी माझी म्हणावयाची, एवढेच.

शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेने आईबापांस न सांभाळणाऱ्या सात कर्मचाऱ्यांच्या वेतनातून 30 टक्के रक्कम कापून ती त्या आईबापांस देण्याचे ठरविले. त्यांत शिक्षकही होते. पुष्कळांनी ती बातमी चवीने वाचली. मला ती पुरी वाचवली नाही. पोटाला मिळावे यासाठी कायदा हवाच, त्याची निंदा करणारा मी नव्हे. पण 2004 साली तो असता तर माझ्याविरुद्ध काय लिहिता आले असते? तात्या उपाशी नव्हते, उघड्यावर नव्हते.

आता माझे चिरंजीव पुण्याहून फोन करतात, “बाबा, आईला घेऊन चार महिने इकडे या ना.” मुलगा प्रेमाने म्हणतो, सून मागून दुजोरा देते. तरी ‘चार महिने’ हे शब्द कानी पडताच मी विषय बदलतो. 2026 सालच्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे, हे मी आधीच पाहून ठेवले आहे.

“मास्तर, लिहा की,” ते गृहस्थ म्हणाले. मी अर्ज पुरा करून त्यांना वाचून दाखविला. ‘मुलगा जेवू घालीत नाही’ हे वाक्य त्यांनी खोडावयास लावले. म्हणाले, “घालतो. पण बोलत नाही.” मग त्या जागी काय लिहावे, हे आम्हा दोघांसही सुचेना. कागदाची घडी करून ती कोपरीच्या खिशात ठेवीत ते उठले. सही राहिली होती. मी आठवण केली नाही.